तळाचं पाणी

५ फेब्रुवारी

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभा जन्म गेला. "जो प्रयोग लिहिला नाही, तो केलाच नाही," असं आमचे विज्ञानाचे सर म्हणायचे. ते स्वतः काही लिहीत नसत, सगळं माझ्याकडून लिहून घेत, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यापासून लिहिण्याजोगं काही घडलं नव्हतं. आज घडलं, म्हणून ही वही काढली.

धाकटा भाऊ सकाळी तेलाचे तीन डबे घेऊन दारात उभा. त्याचं आणि भावजयीचं तळणाचं दुकान आहे, दिवसभर कढया चढलेल्या असतात. उरलेलं काळं तेल ते मोरीत ओतायचे. परवा गल्लीचं गटार तुंबलं आणि शेजाऱ्यांनी दुकानासमोर उभं राहून त्यांची खरडपट्टी काढली. "ताई, तुझ्या शेडमध्ये ठेवू का थोडे दिवस?" म्हणाला. मी म्हटलं, ठेव. तळलेल्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करता येतं हे मी वाचलं होतं, त्याची पानंही छापून आणून ठेवली होती. फक्त सुरुवात करायला निमित्त नव्हतं.

शेडमध्ये यांची डिझेलवर चालणारी गाडी उभी आहे. मागे हत्यारांचे खण, बसायला स्टूल, छताला पट्टे आणि सुया टांगलेल्या. हे गावभर फिरून शिंप्यांची शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. आता गाडीची टाकी कोरडी आहे आणि काचेवर धूळ.

यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, सगळं ठणठणीत आहे, चाला, फिरा, कामाला लागा, गाडीसुद्धा चालवा. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात ते बसतातच. शिंप्यांचे फोन येतात. मी सांगते, आराम करताहेत. खरं लिहायचं तर मला भीती वाटते की हे त्या खुर्चीतून आता उठायचेच नाहीत. गाडी सुरू झाली तर कदाचित हेही सुरू होतील. हे मी कुणाला बोलले नाही. भावाला सांगितलं, वेळ जात नाही म्हणून करतेय.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस गाळण्यात गेला. जुन्या चादरीचे चार पदर करून पिंपावर बांधले आणि तेल ओतत बसले. त्यात काय काय निघावं? करपलेला चुरा, बटाट्याची सालं, एक चमचा आणि भावजयीच्या केसांची पिन. पिनेबद्दल गिऱ्हाइकांना सांगू नकोस, एवढं भावाला बजावलं.

गाळलेलं तेल ठेवायला भावाच्या घरचा काढून टाकलेला गिझर आणलाय. आत तापवायची सोय आहेच, तळाला नळ आहे. नळ ठिबकतो, म्हणून खाली वाटी ठेवली.

हे खिडकीतून म्हणाले, "तेल जरा कोमट कर, भरभर उतरेल." मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नका." तर उठून शेडच्या पायरीपर्यंत आले. मी ओरडलेच. आत तेलात मिसळायचा कॉस्टिक सोडा आहे, मेथॅनॉल आहे, दोन्ही विषारी. मी हातमोजे, चष्मा घालून, दार सताड उघडं ठेवून काम करते, पण यांचं शरीर आधीच केवढ्यातून गेलंय. "शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते." मुकाट्याने परत गेले. चहाचा कप विसळायला उचलला, तोही मी हातातून घेतला. काही करायची इच्छाच सोडून दिलीय यांनी, काय करावं समजत नाही.

तेल कोमट केलं. भरभर उतरलं.

१५ फेब्रुवारी

पहिला घाणा फसला.

फसला म्हणजे असा की मोजून मापून सगळं घातलं, ढवळलं, रात्रभर ठेवलं, आणि सकाळी झाकण उघडलं तर इंधनाच्या जागी खळ. पिवळसर, घट्ट, चमचा उभा राहील अशी. वर इंधन आणि खाली ग्लिसरीन असे दोन थर दिसायला हवे होते. मला मिळाला साबण.

भाऊ येऊन बघून गेला. "ताई, गाडी चालली नाही तर निदान धुता येईल," म्हणाला. धाकटा आहे म्हणून ऐकून घेतलं.

यांनी जेवताना नुसतं विचारलं, "पुन्हा करणार ना?" मी म्हटलं, "करणार." पी हळद अन् हो गोरी असं कुठे होतं का, हे मी शाळेत पोरांना शंभरदा ऐकवलंय. आता स्वतःला ऐकवायची पाळी.

२० फेब्रुवारी

दुसरा घाणाही साबण.

या वेळी तेलातलं आम्लही तपासलं होतं. किंचित तेल, त्यात अल्कोहोल आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वरून सोड्याचं पाणी थेंब थेंब, गुलाबी रंग टिकेपर्यंत. हे काम मी झोपेतही करीन. माप चुकलेलं नव्हतं. तरी साबण. वैताग आला. नमुन्याची बाटली खिडकीच्या कट्ट्यावर आपटली आणि पायरीवर बसून राहिले. वाटलं, म्हातारपणी कशाला हे नसते उपद्व्याप. गाडी भंगारात द्यावी आणि दोघांनी दोन खुर्च्यांत बसावं.

तेवढ्यात आतून यांचा आवाज. "अगं, हे गढूळ आहे."

यांनी बाटली उचलून उजेडात धरली होती. मी घेतली काढून, म्हटलं, तेलकट होतील हात. तर म्हणाले, "मशीनच्या तेलात पाणी गेलं की असंच दुधट दिसतं. पाणी आहे त्यात."

मला रागच आला. गाळून ठेवलेल्या तेलात पाणी येईल कुठून? खात्री करायला तवा तापवला आणि तेलाचे दोन थेंब टाकले. तडतड करत उडाले, एक माझ्या मनगटावर बसला. कोरडं तेल तडतडत नाही. म्हणजे पाणी होतं, आणि चांगलं भरपूर होतं. तेलात पाणी असलं की सोडा इंधनाऐवजी साबण करतो.

संध्याकाळी भावजय पुढचे डबे घेऊन आली. डबे असे लख्ख की तोंड दिसावं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

"हे डबे तू धुतेस का?"

"मग काय ताई, तसेच पाठवू? घासते, गरम पाण्याने खळबळते आणि लगेच तेल भरते. नणंदेच्या घरी चिकट डबा पाठवला तर भाऊजी काय म्हणतील?"

"आणि पुसतेस?"

"वेळ कुठे असतो पुसायला."

आता हिला काय बोलणार? आमचा मान राखायला दोन घाण्यांचा साबण केला बाईने. मी हसायलाच लागले. हेसुद्धा आत खुर्चीत हसत होते, मला ऐकू आलं. खूप दिवसांनी ऐकलं. भावजयीला सांगितलं, इथून पुढे आमचा अपमान कर, डबे घाणच पाठव.

२६ फेब्रुवारी

आता तेलाची आधी पूर्वतयारी, मग बाकीचं. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार. रीत अशी ठरवली: कोमट करून गाळायचं, गिझरच्या टाकीत भरून गरम करायचं आणि दोन दिवस न हलवता ठेवायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं. मग खालचा नळ हळूच उघडून ते सोडायचं आणि तेल आलं की बंद करायचं. उरलेल्या ओलाव्यासाठी तेल पुन्हा तापवायचं आणि तव्यावर थेंब टाकून बघायचा. तडतडला नाही तरच पुढे जायचं.

आज नळ उघडला तर पहिल्यापासून तेलच. पाण्याचा थेंब नाही. बाहेरच्या बादलीत मात्र तवंग आलेलं पाणी होतं. मी बाजारात गेले तेव्हा भावजय डबे ठेवायला येऊन गेली असणार. तिच्याकडे मागच्या फाटकाची किल्ली असते. पश्चात्ताप झालेला दिसतो, बिचारीने न सांगता पाणी सोडून ठेवलं. बोलून लाजवायला नको, म्हणून मी काही विचारलं नाही.

२ मार्च

झालं!

सकाळी बरणी उजेडात धरली. वर मधाच्या रंगाचं, स्वच्छ, आरपार. खाली काळपट ग्लिसरीन. मधे रेघ अशी की पट्टीने आखावी. एवढा हलका जीव या घरात किती महिन्यांत झाला नव्हता.

यांना दाखवायला बरणी नेली. यांनी हात पुढे केला, पण ती जड, मीच धरून दाखवली. "छान जमलंय," म्हणाले. मग खालच्या थराकडे बोट करून विचारलं, "खालचा थर टाकून देणार?"

तो टाकत नाहीत, हे मी वाचलं होतं. त्यात सोडा आणि मेथॅनॉल थोडं शिल्लक असतं. तो पुढच्या तेलात घालून ढवळला की तेलातलं आम्ल आणि उरलंसुरलं पाणी बरोबर घेऊन पुन्हा खाली बसतो. मागच्या घाण्याचा गाळ पुढच्याची तयारी करतो. यांना हे सांगितलं तर मान हलवली, जणू आधीच ठाऊक होतं. पुरुषांना सगळं आधीच ठाऊक असतं.

९ मार्च

टाकीचा नळ ठिबकायचा थांबलाय. तेलाचा चिकटा बसून आपोआप बंद झाला असावा. वाटी उचलली.

१२ मार्च

यांच्या चपलांना तेल लागलंय. घरभर ठसे. म्हणजे माझ्याच पायांनी शेडमधून तेल घरात येतंय आणि हे त्यातून चालताहेत. पायपुसणं बदललं. हे म्हणाले, "राहू दे, मी पुसतो." मी कसली पुसू देते.

गाडीतलं स्टूल टाकीजवळ सापडलं. मी कधी आणलं आठवत नाही. वय झालं. छापलेली पानंही उलटसुलट झालीत.

१८ मार्च

धुऊन, सुकवून, तपासून इंधन तयार आहे. गाडीच्या टाकीत ओतलं, पाऊण भरली. गाडी चालवून बघायला भावाला बोलावलं होतं. तो किल्ली मागायला आत गेला तर हे म्हणाले, "मी चालवतो."

मी नाही म्हटलं. स्टेअरिंग जड आहे, सवय राहिलेली नाही, मधेच काही झालं तर. हे माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाले. तू कधी म्हणणार?"

भाऊ आढ्याकडे बघत उभा राहिला. मी किल्ली दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये. तरी ऐकू आलंच. गाडी खोकली, पुन्हा खोकली, मग सुरू झाली. मागून तळणाचा वास गल्लीभर. समोरच्या बाई गॅलरीत येऊन विचारतात, आज काय तळताय एवढं. हे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. उतरले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

मी आत येऊन रडले. बरं वाटलं म्हणून रडले, हे इथे लिहून ठेवते.

२२ मार्च

आजचं आजच लिहायचंय.

पुलापलीकडच्या शिंप्याचं मशीन अडलं होतं. फोन यांनीच उचलला आणि सकाळी निघाले. मी डबा दिला, गोळ्या दिल्या, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, पोचल्यावर फोन करा म्हटलं. फोन आला नाही. मी केला तर वाजत राहिला. मग भावाचा आला. "ताई, घाबरू नकोस. भाऊजींची गाडी पुलाजवळ बंद पडलीय, दुकानातल्या पोऱ्याने पाहिली. मी येतोय तुला घ्यायला."

घाबरू नकोस म्हटलं की माणूस आणखी घाबरतो. स्कूटरवर भावाच्या पाठीला धरून बसले आणि डोक्यात एकच. माझ्या इंधनाने घात केला. इंजिन गेलं. उन्हात धक्का मारत असतील, छातीला हात लावून कठड्याला टेकले असतील. आणि यातून वाचले तरी आता परत खुर्चीत जाऊन बसतील ते कायमचे, आणि तिथे बसवणारी मीच. सकाळी किल्ली लपवली असती तर, असंही मनात आलं. ते सारखं येत होतं.

पोचलो तर हे बाह्या वर करून बॉनेटमध्ये वाकलेले. तोंडाने काहीतरी गुणगुणताहेत. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता हात मागे केला. "तो छोटा पाना दे गं."

मी दिला. दुसरं काय करणार?

"काय झालं?" भावाने विचारलं.

"काही नाही, फिल्टर तुंबला. तुझ्या ताईचं इंधन फार साफ आहे. टाकीत इतक्या वर्षांची घाण चिकटून बसली होती, ती त्याने सोडवली आणि सगळी एकदम फिल्टरला आली. व्हायचंच होतं हे. म्हणून तर नवा फिल्टर बरोबर घेऊन निघालो." जुना काढून माझ्यापुढे धरला. डांबरासारखा काळा. "आणखी एकदा बदलावा लागेल, मग नाही."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"तुझं? गाडीला न्हाऊ घातलंस तू."

"मग फोन का नाही उचललात?"

यांनी काळे झालेले दोन्ही हात वर करून दाखवले. माझे डोळे भरून आले होते. यांना वाटलं स्कूटरवरच्या वाऱ्याने. भावाने रुमाल काढला तर तोही तेलकट.

गाडी सुरू झाली. हे शिंप्याकडे गेले. मी म्हटलं, घरी चला, आज पुरे. म्हणाले, "तो वाट बघतोय गं." आणि गेले. मी पुलाच्या कठड्याला टेकून मोठा श्वास घेतला. इतक्या दिवसांत पूर्ण श्वास घेतलाच नव्हता असं वाटलं.

नवा फिल्टर लागेल हे यांना कुठून कळलं, हे विचारायचं राहिलं. माझ्या पानांत ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे.

६ एप्रिल

दोन आठवडे लिहिलं नाही. लिहायला सवड नाही, ही सुखाचीच गोष्ट. हे रोज सकाळी निघतात, दुपारी जेवायला येतात, कधी येतही नाहीत. दुसरा फिल्टर बदलला, आता गाडी नीट आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर धुतलेले कपडे साठतात.

आज नव्या घाण्यासाठी टाकीचा नळ उघडला आणि भसाभसा पाणी आलं. पातेलं भरलं, तरी येतच होतं. भावजयीला फोन लावला. म्हटलं, "पुन्हा धुतेस की काय डबे?"

"आता सांगते तुम्हाला ताई, रागावू नका. मला नाही राहवत. पहिल्यापासून धुतेच आहे मी. पुसते आता, पण थोडं राहत असेल."

"बरं, मग पाणी सोडायचं तरी का थांबवलंस? आधी सोडून जायचीस ना."

"कुठलं पाणी?"

"टाकीचं. तळाचं. मी बाजारात गेले की."

"मी?" म्हणाली. "अहो ताई, मी फाटकाशी डबे ठेवते आणि पळते. त्या वासाने मला मळमळतं. शेडमध्ये मी आजवर पाऊल टाकलेलं नाही."

फोन ठेवला आणि टाकीजवळच्या स्टुलावर बसले. यांचं स्टूल. नळाकडे नीट बघितलं. आत नवं वायसर होतं, पितळी नळीवर यांच्या पकडीचे बारीक दात उमटलेले. चपला, ठसे, उलटी झालेली पानं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी मी. रोज बाजारातून येऊन यांना खुर्चीत बसलेलं बघायची आणि कपाळाला हात लावायची. आणि हे मी फाटकातून दिसले की घाईघाईने येऊन त्या खुर्चीत बसत असणार. पन्नाशी कधीच उलटलेला माणूस, आपल्याच घरात चोरून काम करत होता. माझ्या भीतीने.

एकटीच हसले, मग उठून पातेल्यातलं पाणी बादलीत ओतलं.

दुपारी हे आले. जेवण वाढलं. मी म्हटलं, "अहो, टाकीच्या तळाचं पाणी सोडायला मला आता वाकवत नाही. उद्यापासून ते तुम्ही बघा."

घास हातात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढत होते, मान वर केली नाही.

"बरं," म्हणाले. मग भात कालवत, "सकाळी निघायच्या आधी सोडत जाईन."

जेवण झाल्यावर यांनी आपलं ताट उचललं आणि मोरीकडे गेले. मी बसूनच राहिले. भांड्यांवर पाणी पडत होतं ते ऐकत.